झाकणाची काळी बाजू

या एवढ्याशा बुडबुड्यात एक अख्खी दुपार कायमची कोंडली गेली आहे — पेंडंट उजेडाकडे धरल्यावर दर्शनाला असं वाटलं, आणि वाटून होतंय न होतंय तोच हेही आठवलं, की दुपारबिपार काही नाही, दोन काचांच्या मध्ये राहून गेलेली हवा आहे ती, आणि ज्यांना काच भाजता येते त्यांच्या काचेत ती राहत नाही. काच भाजायला शिकवणाऱ्या मैत्रिणीनं, श्रियानं, हे पाहिलं असतं तर चष्मा कपाळावर चढवून, अंगठ्यानं एकदा पुसून, ‘बबल आलाय, बाजूला टाक’ असं सांगितलं असतं. पण श्रिया ठाण्याला होती, आणि इथे कोपर गावात आता काही बाजूला टाकायची सोय उरली नव्हती... बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोन निळी, एक हिरवं, एक मधाच्या रंगाचं. आणि हातात हे. निळ्यात हिरवी रेघ, रेघेच्या शेपटाशी बुडबुडा. आज संध्याकाळी चहाच्या वेळी, ‘हे बघा, आजचं हे निघालं’ असं म्हणून हेच दाखवावं लागणार होतं.

निघालं म्हणजे भट्टीतून. भट्टी समोर ओट्यावर होती, लादीच्या तुकड्यावर ठेवलेली — पांढरीशुभ्र, गोल, झाकणासकट एखाद्या पोराच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकएवढी. गार. गौरी जेवल्या त्या दिवसापासून गार.

दार लावलेलं होतं.

आता दार लावलेलं असणं ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण भोईरांच्या घरात होती. तसं पाहिलं तर त्या घराला दारांची कमी नव्हती. बिल्डरनं जमिनीच्या बदल्यात अख्खा दुसरा मजला दिला, चार फ्लॅट, त्यामुळे चार मुख्य दरवाजे, चार जाळीचे दरवाजे आणि बाहेरचा माणूस बघण्यासाठी चार भोकं. पण राहायला यायच्या आधीच सासऱ्यांनी — नाथा भोईरांनी, ज्यांचं नाव आता इमारतीलाच आहे — मधल्या भिंती फोडून चारांचं एक घर केलं आणि जाहीर केलं, की आपल्यात दार लावत नाहीत, दार लावतात ते भाडोत्री. सासरे गेले, नियम राहिला. या घरात दार लावलेलं दिसलं तर त्याचा अर्थ तीनपैकी एकच असू शकतो : अंघोळ, भांडण किंवा मयत. लग्न होऊन आल्यावर दर्शनानं एकदा दुपारी खोलीचं दार नुसतं लोटलं होतं, तर बाहेर दोन चुलत सासवा आणि एक शेजारीण हळू आवाजात विचारत उभ्या — काय झालं गो, कोण बोललं काय तिला? ... तेव्हापासून लोटलंही नाही. बरीच वर्षं. मुलगा झाला, शिकायला बाहेर गेला, केस पिकले, काळे केले, परत पिकले. दार उघडंच.

आणि मग हे.

चार फ्लॅट म्हणजे चार स्वयंपाकघरं. एकात स्वयंपाक होतो. एकात देव बसवलेत. एकात गणपतीचं मखर, क्रिकेटच्या बॅटी आणि कुणाचीच नसलेली एक चप्पल. चौथं दर्शनाला मिळालं, कारण त्यात जुना मायक्रोवेव्ह होता आणि श्रियानं दिलेली ही भट्टी त्या मायक्रोवेव्हमध्ये ठेवावी लागते. कॉलेजात दोघी एका बाकावर. पुढे श्रियानं नोकरीबिकरी करून, ती सोडून, ठाण्यात बायकांचे वर्ग काढले — काचेचे तुकडे, मातीच्या चकत्या, त्यांवर झिलई, भाजा आणि गळ्यात घाला. एका शनिवारी दर्शना गेली, आणि परत येताना पिशवीत भट्टी घेऊन आली. तेव्हा ती अशी पांढरी नव्हती. बाहेरून पांढरीच, पण झाकण उलटं केलं की आत काळा थर, खरखरीत, जाड, तव्याच्या पाठीसारखा. बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलेल्या बाईला श्रियानं तो लहान मुलीला सांगावा तसा समजावून सांगितला : पांढऱ्याला मायक्रोवेव्ह कळतच नाही, तो त्याच्यातून आरपार जातो, काळा थर तो पकडतो आणि लाल होतो. सगळी आग या काळ्यात. पांढरं नुसतं सांभाळायला.

— सांभाळायला. हो.

नियमही श्रियाचाच, आणि खरा. भट्टी बाहेर काढली की झाकण हाताला गार लागेपर्यंत उचलायचं नाही. आत काच विस्तवासारखी असते, तिला वारा लागला की तडकते. पाऊण तास लागला तर लागला. इथपर्यंत विज्ञान. पुढचं दर्शनाचं. पहिल्या आठवड्यात तिनं घरात सांगितलं, की दार लावावं लागतं, पॅसेजमधल्या पंख्याचा वारा येतो. कुणी काही बोललं नाही म्हणून पुढच्या आठवड्यात सांगितलं, की हाका मारायच्या नाहीत, हादरा बसतो. मग पलीकडे मिक्सर लावायचा नाही. मग अॅल्युमिनियमचं सरकतं दार आलं, धुरकट काचेचं — त्याचे पैसे नवऱ्यानं काही न विचारता दिले. हाकेनं काच तडकत असती तर कोपरमध्ये एका खिडकीला काच शिल्लक राहिली नसती, हे दर्शनाला कळत होतं. पण कुणी विचारलंच नाही. मला जरा एकटीला बसू द्या, असं तिनं सांगितलं असतं तर चार जणी बाम घेऊन उशाशी बसल्या असत्या. ‘काच भाजताना चालत नाही’ म्हटल्यावर मात्र सगळे पायांचा आवाज न करता पॅसेजमधून जायला लागले. या घराला ‘का’ची सवय नव्हती, ‘चालत नाही’ची होती. सोमवारी मासळी चालत नाही, संध्याकाळी केर चालत नाही, तसंच हे. सासूबाई तर आल्यागेल्याला सांगायच्या — मोठी सून भट्टीत बसलेय, थांबा जरा — जशी काही ती स्वतःच आत भाजून निघत होती.

आणि मी आत काय करते?

काही नाही. हेच तर कुणाला सांगता येत नाही. चोरून फोन नाही, पुस्तक नाही, रडणं नाही. रडण्यासारखं आहे तरी काय, सगळे चांगले आहेत. स्टुलावर बसते. ओट्याच्या कडेला एक टवका उडालाय, त्याच्याकडे बघते. खिडकीतून पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर कावळा असतो किंवा नसतो. कुणाचं जेवण व्हायचंय, कुणाचा डबा, कुणाची गोळी — हे डोक्यातून एकेक करून खाली उतरतं, पायरी पायरीनं, आणि शेवटचं उतरलं की थोडा वेळ आत कुणीच नसतं, मीसुद्धा... मग बाहेर कुणीतरी खोकतं आणि पुन्हा सगळे वर चढून येतात. तेवढ्या वेळासाठी हे दार. त्या तेवढ्यात पेंडंट होतात, मणी होतात, हा वरचा नफा.

होत होती, म्हणजे.

गौरीच्या दिवशी घरातलं भांडं न् भांडं आवडाबाईंच्या हातून जातं. आवडाबाई म्हणजे सासूबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या. तारेची घासणी घेऊन मोरीत बसल्या की त्यांचं वय कमी होतं. गौरीला चिंबोऱ्यांचा, म्हणजे खेकड्यांचा, नैवेद्य, त्यासाठी एकही डाग चालत नाही. दर्शना कल्याणला फुलं आणायला गेलेली. ती पिशव्या सांभाळत वर आली, तर खिडकीत उन्हाला दोन पातेली, एक परात, आणि त्यांच्या मध्ये ही — उलटी घातलेली, झाकण शेजारी, झाकणाची आतली बाजू वर. पांढरी. बाहेरच्यापेक्षाही पांढरी.

“केवरी काली झालेली गो,” आवडाबाई म्हणाल्या. “लख केली बग.”

सिंकच्या जाळीत काळी भुकटी होती, चिमूटभर. दर्शनानं ती बघितली. फुलांची पिशवी खाली ठेवली. आणि म्हणाली, “छान निघाली, आई.”

गौरी गेल्यावर तिनं एकदा करून पाहिलं. दोन काचा एकमेकींवर ठेवल्या, भट्टी ओव्हनमध्ये, ओव्हन चालू. ओव्हन त्याच्या नेहमीच्या सुरात घुमला, आतला दिवा लागला, तबकडी फिरली, सगळं यथासांग झालं. बाहेर काढली तर भट्टी कोमट, पावसाळ्यातल्या उन्हाइतकी. आत काचा जशा ठेवल्या तशा — लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांसारख्या, नुसत्या टेकून.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण म्हाताऱ्या बाईला वाईट वाटलं असतं — हे कारण दर्शनानं बरेच दिवस वापरलं; चांगलं होतं, स्वच्छ, लख्ख घासलेलं. खरं कारण हरिहर होता.

हरिहर म्हणजे नवरा. रेती-खडीचा धंदा, दोन डंपर, आणि मदत करण्याची भीतिदायक हौस. त्याला कुणाची अडचण कळली की तो ती अडचण उचलून, मोठी करून, तिला बोर्ड लावून परत देतो. चुलत भावाला पाठीचा त्रास होता म्हणून त्यानं बिल्डिंगच्या गच्चीवर जिम काढून दिली. भाऊ आता रोज ती उघडायला आणि बंद करायला चार जिने चढतो. दर्शनाच्या पेंडंटांकडे तो गेलं वर्षभर त्याच नजरेनं बघत होता. “घरात कशाला कोंडून घेतेस?” असं त्यानं विचारलं ते प्रेमानंच. “खालचा गाळा रिकामा आहे. मोठी भट्टी घेऊ, कारखान्यात असते तसली. दोन पोरी ठेव हाताखाली. बोर्ड लावू — दर्शना आर्ट.” ती कसंबसं म्हणाली होती, की आहे ती भट्टी चांगली आहे, हिच्यावर हात बसलाय. म्हणजे भट्टी बिघडली एवढं कळायचा अवकाश. नवी लहान भट्टी गुपचूप मागवावी, तर या घरात पार्सल ज्याच्या हाताला लागेल तो उघडतो, आणि उघडल्यावर सगळे विचारतात हे काय, जुनीला काय झालं... आणि संध्याकाळपर्यंत गाळा झाडून तयार. गाळ्याला दार नसतं. शटर असतं; आणि ते उघडं असलं तरच गाळ्याला अर्थ असतो. समोर रिक्षा स्टँड, बाजूला वडापाव, दिवसभर जाणारा येणारा डोकावून म्हणणार — काय वहिनी, बिझी?

म्हणून गेले कित्येक महिने ती दुपारी आत येते, दार सरकवते, ओव्हन रिकामाच घुमवला तर बिघडतो म्हणून आत पाण्याचा कप ठेवून चालू करते — आवाज बाहेर जायला हवा — आणि मग बसते. संध्याकाळी डब्यातलं एक जुनं काढून दाखवते. सुरुवातीच्या हौसेत शंभरावर केली होती, तेव्हा डबा भरलेला होता. दररोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा काहीतरी ‘निघायला’ लागतंच. लोक दारापेक्षा त्यातून काय आलं हे बघतात. आलं नाही तर दाराकडे बघतात.

त्यात प्राप्ती.

प्राप्ती ही धाकट्या दिरांची, चंदूभाऊंची मुलगी. लग्न ठरलेलं, मुलगा शहाडचा, हळद आता तोंडावर. आणि हळदीला जवळच्या बायकांना द्यायला काहीतरी ‘युनिक’ हवं म्हणून तिनं काकीची पेंडंट ठरवली. जवळच्या म्हणजे किती, असं दर्शनानं विचारलं. प्राप्ती म्हणाली, फक्त एकदम जवळच्या, चारशे. दर्शना हो म्हणाली. नुसती हो नाही, लगेच हो. कारण त्या क्षणी तिला चारशे पेंडंट दिसलीच नाहीत, चारशेंसाठी लागणारी दुपार दिसली — रोजची, लांबच लांब, कायदेशीर. रात्री अंथरुणात पाठ टेकल्यावर तिला कळलं, की आपण चोरीच्या खोलीचं भाडं म्हणून जे देऊ केलं ते आपल्याकडे नाहीच.

आणि आज सकाळी, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर : “काकी, आज रील करायचीय हां. भट्टी उघडताना. आतून ते ऑरेंज ऑरेंज दिसतं ना, तेच हवंय.” दर्शनानं सांगितलं की लाल असताना उघडत नाहीत, काच तडकते. “एक तडकू दे ना काकी, चारशेतलं एक. गार झाल्यावर काय शूट करू, बशी?” हरिहर हसला, चंदूभाऊ हसले. दर्शनाही हसली, कारण ते खरंच होतं, आता ती बशीच होती. हरिहर म्हणाला, मीपण येतो बघायला, लेकाची मी कधी बघितलीच नाही.

तर ती आता बसली होती, हातात बुडबुडा घेऊन. ओव्हन घुमून थांबला होता. पाण्याचा कप आत वाफाळत असेल. बाहेर पॅसेजमध्ये ते दबकं वावरणं होतं, जे तिच्यासाठी होतं, तिच्या मानासाठी... ओव्हन बिघडला म्हणावं? हरिहरच्या मित्राचं कल्याणला दुकान आहे, तासाभरात नवा येईल, माणूस जोडून देऊन जाईल. बोट भाजलं म्हणावं? बोट बघायला सगळे आत येतील. काच संपली म्हणावं? चंदूभाऊंच्या गॅरेजमध्ये फुटक्या काचांचं पोतं आहे. प्रत्येक खोटं ती थोडं उघडून बघत होती आणि प्रत्येकाच्या आत कुणीतरी मदतीला तयार उभं होतं. वाईट माणसांच्या घरात निदान भांडता येतं. इथे... खरं सांगावं, सरळ? ‘भट्टी बंद आहे. कधीपासूनची बंद आहे. मी इथे नुसती बसते.’ हे वाक्य तिनं मनात म्हणून पाहिलं. पहिली दोन वाक्यं जमली. तिसऱ्याला पुढे काहीतरी जोडावंसं वाटत होतं — बरं वाटत नाही म्हणून, पाय दुखतात म्हणून, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून. नुसती बसते, पूर्णविराम, हे या घरात कुणी म्हटल्याचं तिनं ऐकलं नव्हतं.

धुरकट काचेवर सावली आली. ठेंगणी, वाकलेली. प्राप्ती नव्हे.

दार बोटभर सरकलं. मग हातभर.

“बसू का गो?” आवडाबाई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्या कधी आत आल्या नव्हत्या. दुसऱ्यांना अडवायच्या, स्वतः उंबऱ्यापलीकडे. दर्शनानं पेंडंट डब्यात टाकलं, आणि मग तिनं जे केलं ते तिचं तिलाच नंतर आठवून लाज वाटण्यासारखं होतं : तिनं ओव्हनचे जाड हातमोजे चढवले, ओट्यावरची गार भट्टी दोन्ही हातांनी जपून उचलली, श्वास रोखून, चेहरा जरा बाजूला करून, आणि एका लादीवरून दुसऱ्या लादीवर ठेवली.

“गरम हाय?”

“हो आई. जपून.”

“आं,” आवडाबाई म्हणाल्या. आत येऊन त्यांनी पाठीमागे दार सरकवलं. नीट, शेवटपर्यंत, खटका लागेपर्यंत. गुडघ्यापर्यंतचं लुगडं सावरत त्या पाण्याच्या रिकाम्या पिंपावर बसल्या. दर्शना मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून स्टुलावर बसली. दोघींच्या मध्ये ओटा, ओट्यावर ती. जागा एवढीच की एकीनं पाय लांब केला तर दुसरीला घ्यावा लागेल.

आवडाबाई भट्टीकडे बघत होत्या. तव्याकडे, तांदळाकडे, सुनेकडे बघतात तशाच, पारखायची म्हणून नाही, नजरेची सवय म्हणून. मग मान वर न करता म्हणाल्या,

“परत काली नाय झाली गो ती?”

— आणि दर्शनाला मोज्यांच्या आत हातांना घाम फुटल्याचं कळलं. साधा प्रश्न होता. जन्मभर चुलीवरची भांडी घासलेल्या बाईचा. भांडं विस्तवाला लागलं की काळं होतं, घासलं की पांढरं, परत लागलं की परत काळं, यात न समजण्यासारखं काही नाही. आणि घासून इतके महिने झालेलं, रोज दुपारी विस्तवात जाणारं एक भांडं पांढरंच्या पांढरं राहतं... म्हणजे ही बाई रोज पॅसेजमध्ये खुर्ची टाकून आल्यागेल्याला ‘थांबा, भट्टीत बसलेय’ म्हणत होती तेव्हा? दिवाळीत? परवा हरिहर सहज हाक मारायला निघाला तेव्हा त्याला हाताला धरून मागे ओढलं तेव्हा? केव्हापासून? आणि कोणती गोष्ट कळलीय — विस्तव लागत नाही एवढीच, की तो आपल्याच घासणीनं गेला हीसुद्धा? विचारावं तर दोन्ही सांगावं लागेल.

तेवढ्यात काचेवर दुसरी सावली, उंच. आणि तिच्या हातात उजेडाचं एक पांढरं कडं, मोबाइलच्या शूटिंगला लावतात ते. धुरकट काचेतून ते चंद्रासारखं दिसत होतं, खळं पडलेल्या.

“काकी, झालं ना? ओव्हन बंद झाल्याचा आवाज आला मला. ग्लो जायच्या आत उघड ना, प्लीज. काकांना पण बोलावलंय मी, येतायत.”

दर्शना उठली. उठून काय करणार हे तिला माहीत नव्हतं, पण उठली. आवडाबाई उठल्या नाहीत. त्यांनी फक्त हात लांब केला आणि पंजा भट्टीच्या झाकणावर ठेवला. उघडा, सगळी बोटं पसरून. आणि तसाच राहू दिला.

“गरम हाय अजून,” त्यांनी दाराकडे बघून मोठ्यानं सांगितलं.

“अगं आजी, गरमच हवंय मला.”

“तुना नाय चालत. लगीन ठरलेली पोर भट्टीचा तोंड बगत नाय.”

दर्शना या घरात आली त्याला पंचवीसच्या वर वर्षं झाली. धवलारीण लग्नाची गाणी गाते त्या प्रत्येक विधीला ती पाट मांडायला हजर होती. असलं काही तिनं ऐकलं नव्हतं. नसणारच. या घरात याआधी भट्टी नव्हती.

“असं असतं का?” प्राप्तीनं विचारलं. आवाज बदलला होता. गेल्या महिन्याभरात तिला इतक्या गोष्टी चालत नव्हत्या, की त्यांत एकीची भर पडल्याचं तिला विशेष वाटलं नसावं.

“असतं.”

“मला कुणी बोललंच नाही.”

“आता बोललू ना.”

“मग हळद झाल्यावर?”

“हलद झाल्यावर बग.”

चंद्र काचेवरून सरकला. पॅसेजमध्ये हरिहरचा आवाज आला, काय झालं म्हणून. प्राप्तीनं त्याला सांगितलं, त्यानं ‘अच्छा, असं आहे काय’ म्हटलं आणि तोही पायांचा आवाज न करता परत गेला. मग प्राप्ती फोनवर, हसत, नवऱ्या मुलाला : “अरे नाही शूट केलं. आमच्यात लग्नाच्या आधी भट्टी बघत नाहीत.” आमच्यात. पद्धत शहाडला पोचलीसुद्धा.

आवडाबाईंचा पंजा अजून झाकणावर होता. निबर, रेघारेघांचा, मिठागरात जन्म गेलेला हात. दर्शनानं मोजे काढले. आता काढायला हरकत नव्हती.

“आमी मीठ बगाला जाव,” आवडाबाई म्हणाल्या. “दुपारचे. सासू इचारी, कुटं चालली? बोलू, मीठ बगाला.” थांबल्या. मग दात नसलेल्या बाजूनं हसल्या, आवाज न करता. “मिठाला काय बगाचा?”

दर्शनाला वाटलं, आता आपल्याला हलकं वाटायला हवं. एवढ्या मोठ्या घरात एकाला तरी कळलंय, आणि ते माणूस आपल्या बाजूनं आहे... हलकं वाटलंही, छातीत कुठेतरी, वीतभर. पण त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं, ज्याला नाव द्यायची तिला भीती वाटली. पायऱ्यांवरून सगळ्यांना खाली उतरवायचं ती रोज, एकेकाला. आज शेवटची पायरी आली आणि तिथे कुणीतरी बसलेलं होतं. हलणार नव्हतं. आत कुणीच नसण्याचा जो थोडासा वेळ होता तो आता दोघींचा झाला होता, आणि दोघींचा म्हणजे कुणाचाच नाही, किंवा — ती ओट्याच्या टवक्याकडे बघायला लागली. टवका तोच होता. बघताना मात्र आता कुणीतरी तिला बघताना बघत होतं.

“आई,” ती म्हणाली, “ती भट्टी—”

“उद्या मी बी येन,” आवडाबाई म्हणाल्या. “दोगी बसू. च्याचा टोप आत आणून ठेव, मना मदीच लागतं.”

त्यांनी डबा जवळ ओढला, झाकण काढलं, बोटानं आतली पेंडंट चिवडली. मधाच्या रंगाचं होतं ते उचलून उजेडाकडे धरलं, एक डोळा मिटून बघितलं, आणि कुणाला काही न विचारता लुगड्याच्या कनवटीला खोचलं. मग पिंपावर भिंतीला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात त्या घोरायला लागल्या, बारीक, सुरात, ओव्हनसारख्या. झोपेतही पंजा झाकणावरच होता, आणि दर्शनाला तो उचलून खाली ठेवावासा वाटला नाही. का ते तिला सांगता आलं नसतं. टाकीवर कावळा होता.

संध्याकाळी दाखवायला तिनं बुडबुड्याचं बाजूला काढलं. डब्यात तीन उरली. हळदीला चारशे लागणार होती.